अर्थिंगपासून सुरुवात : कार्ल्यातील रोजनिशीची पाने

१६ जून २०२५, सोमवार

काल दुपारी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला. चार माणसे गेली, पन्नासच्या आसपास जखमी झाली. आपल्याच मावळातली जागा. यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला, नदी भरलेली, त्यात रविवारची गर्दी. पूल धोकादायक आहे हे ठाऊक नव्हते असे कुणीच म्हणत नाही. आज दिवसभर गावात दुसरा विषय नाही.

संध्याकाळी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. गेल्या वर्षी ९ ऑक्टोबरला राज्यात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा, जालना, भंडारा ही त्यांतली काही नावे. या जिल्ह्यांतला रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या नागपूरची नाहीतर संभाजीनगरची वाट धरत आला. आता तिथेच डॉक्टर घडायचे आहेत. अशाच एका नव्या महाविद्यालयात हा विद्यार्थी पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवतो, आणि यंत्रसामग्रीच्या समितीत त्याला घेतले आहे.

"मॅडम, लवकरच प्रस्ताव द्यायचाय. आधी काय मागू?"

त्याने यादी पाठवली. शरीररचनेचे थ्रीडी टेबल, काचपट्ट्या वाचणारा डिजिटल स्कॅनर, सिम्युलेटर, टेलिमेडिसिनचा कक्ष, संपूर्ण रुग्णालयाची संगणकप्रणाली. यातले काहीही चैनीचे नाही. मोठ्या शहरातल्या मुलांना जे मिळते ते या मुलांनाही मिळायलाच हवे. पण यादी वाचताना पूल मनातून जात नव्हता. बांधायला पैसा मिळतो, उद्घाटनाला माणसे येतात. बांधून झाल्यावर निगा राखायचे काम मात्र कुणाच्या नावावर चढत नाही. ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयांत माझी सगळी नोकरी गेली. तिथेही हेच पाहत आले.

त्याला म्हटले, थोडे दिवस दे. सुचेल तसे इथेच लिहून ठेवते.

१८ जून, बुधवार

तुकोबांच्या पालखीचे आज देहूहून प्रस्थान. इकडे पहाटेपासून वीज नाही. दुपारी वायरमन दादा आले, तेव्हा त्यांना अर्थिंगबद्दल, म्हणजे वीज जमिनीत उतरवण्याच्या सोयीबद्दल, विचारले.

"ताई, इथं दोन फुटांखाली कातळ. खड्डा घ्यायचा, कोळसा-मीठ भरायचं, पट्टी सोडायची. पावसाळ्यात मस्त चालतं. एप्रिलात माती सुकली की सांगता येत नाही. पाणी घालत राहावं लागतं, पण कोण घालतंय?"

प्रस्तावासाठीचा पहिला मुद्दा दादांनी देऊन टाकला. सह्याद्रीचा काळा पाषाण वीज सहजी जिरवून घेत नाही. वाशीम-बुलढाण्याकडेही जमिनीखाली तोच बेसाल्ट आहे. अर्थिंग कच्चे असले की न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये व्होल्टेज चढते. ते दोन-तीन व्होल्टच्या आत राहावे असा दंडक. त्यावर गेले की ईसीजीची रेघ थरथरते, सोनोग्राफीच्या पडद्यावर जाळी येते, सर्व्हर कारण नसताना बंद पडतो. मग कंपनीचा माणूस पुण्याहून किंवा मुंबईहून येतो, एक कार्ड बदलतो, बिल देतो आणि जातो; चार महिन्यांनी तेच कार्ड पुन्हा जळते. अशा किती फाइल्स माझ्या टेबलावरून गेल्या. दोष यंत्रात शोधला जायचा आणि तो असायचा इमारतीच्या मागच्या खड्ड्यात.

कोट्यवधींच्या प्रस्तावात अर्थिंगचे खड्डे ही फार लहान रक्कम असते, म्हणून ती बांधकामाच्या इतर खर्चात ढकलतात आणि तिथे ती हरवते. त्या विद्यार्थ्याला सांगायचे, ही रक्कम यंत्रसामग्रीच्या यादीत वेगळी दाखव. वर्षातून दोनदा मोजणी, त्यातली एक भर उन्हाळ्यात. मोजणाऱ्याचे नाव आणि सही.

१९ जून, गुरुवार

कपाटातली जुनी दुर्बीण काढली तर काचेवर बुरशीचे कोळिष्टक. मावळातल्या पावसात हे व्हायचेच. मायक्रोस्कोपच्या भिंगांनाही हीच बुरशी लागते. सुरुवातीला पुसता येते. राहू दिली तर ती काचेवरचा लेप खाते, मग भिंग कायमचे धुरकट होते.

पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शंभर मुले आणि भिंगे धुरकट, अशी प्रयोगशाळा मी पाहिली आहे. मलेरियाचा परजीवी त्या मुलांनी पुस्तकातल्या चित्रातच पाहिला. पुढे एका महाविद्यालयात आमच्याकडे एक तंत्रज्ञ काका होते. शिक्षण बेताचे, पण हात सोन्याचे. जून लागला की सगळे मायक्रोस्कोप एका लाकडी कपाटात, खाली पिवळा बल्ब दिवसरात्र चालू, आणि प्रत्येक खणात सिलिका जेलची पुरचुंडी. जेल निळे असते, ओलावा पिऊन गुलाबी होते, मंद आचेवर भाजले की पुन्हा निळे. काका दर शनिवारी ते भाजायचे. त्यांच्या काळात एकाही भिंगाला बुरशी लागली नाही. ते निवृत्त झाले, पद भरले गेले नाही, आणि पुढच्याच पावसाळ्यानंतर नव्या मायक्रोस्कोपांची मागणी गेली.

त्या बल्बचा आणि जेलचा वर्षाचा खर्च एका भिंगाच्या किमतीइतकाही नव्हता.

२० जून, शुक्रवार

पाऊस उघडला म्हणून कार्ल्याची लेणी चढून आले. तिथल्या एकवीरा देवीला भक्तांची रांग, पायऱ्यांवर शेवाळ. चैत्यगृहात मात्र गारवा आणि शांतता. छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांच्या आहेत, आणि अजून जागेवर आहेत.

इथले शिलालेख म्हणजे देणाऱ्यांची नोंदवही. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत. खांबाखांबावर कुणी काय दिले ते कोरलेले. पण मला दरवेळी थांबवतो तो दाराजवळचा लेख: धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने हे दार घडवले. ज्याने हाताने काम केले त्याचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव. सावकाराच्या नावाइतकेच ठसठशीत.

आमच्या रुग्णालयांत यंत्राच्या शेजारी देणगीदाराची संगमरवरी पाटी असते. ते योग्यच. पण ते यंत्र बारा वर्षे चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव पगारपत्रकाखेरीज कुठे नसते, आणि आता तर तिथेही नसते, कारण तो अकरा महिन्यांच्या कंत्राटावर एजन्सीमार्फत आलेला असतो. बारावा महिना लागला की काय शिकला ते घेऊन निघून जातो. मला याचा राग येतो. त्याला शिकवायला गेलेला वेळ संस्थेचा होता आणि त्याचे कौशल्य ही संस्थेची मालमत्ता होती. ती दर वर्षी आपण फाटकाबाहेर सोडतो आणि वर ताळेबंदात 'बचत' लिहितो.

२१ जून, शनिवार

आज योगदिन. लोणावळ्यात कैवल्यधामला जाऊन आले. कार्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि माझ्या विषयाचे खरे उदाहरण तिथेच आहे.

स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये हा आश्रम काढला. त्याआधी, १९२०-२१ च्या सुमारास, बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते ते क्ष-किरणांनी तपासले होते. लोणावळ्यात त्यांनी साधे मॅनोमीटर वापरून नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब वातावरणापेक्षा खाली जातो हे मोजून दाखवले, आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले. १९२४ मध्येच 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू करून निष्कर्ष छापायला लागले. शंभर वर्षांपूर्वीचे लोणावळे, घाटातले धुक्याचे गाव. हाताशी साधीच साधने. पण प्रश्न नेमका होता, आणि उपकरण कसे चालते हे वापरणाऱ्याला आतून-बाहेरून ठाऊक होते.

त्या विद्यार्थ्याच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना हवा: हिने कोणता प्रश्न सुटणार, आणि ती उघडून आत पाहणारा आपल्यात कोण. तो रकाना कोरा राहिला तर वस्तू पुढच्या वर्षी.

२४ जून, मंगळवार

आज यादीतल्या संगणकप्रणालीबद्दल. इथे सविस्तर लिहायला हवे, कारण सगळ्यात मोठी रक्कम इथे जाते आणि सगळ्यात मोठी फसगतही इथेच होते.

२०२२ च्या जुलैत राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांमधली रुग्णालय-माहितीप्रणाली कंत्राटाच्या वादात बंद पडली. वर्षानुवर्षे केसपेपर, तपासण्या, दाखल-सुट्टी सगळे तिच्यावर चालत होते. एका आठवड्यात पुन्हा कागद आणि कार्बन. ओपीडीच्या खिडकीवर रांगा लागल्या. त्याहून वाईट म्हणजे जुन्या रुग्णाची जुनी नोंद हाती येईना. क्षयाचा रुग्ण तीन वर्षांपूर्वी कोणत्या औषधांवर होता, ते यंत्रात आहे पण दिसत नाही. पुढे शासनाने एनआयसीच्या ई-हॉस्पिटलकडे वळण घेतले. पण त्या जुलैचा धडा नव्या दहा महाविद्यालयांनी पहिल्या दिवशीच घोकावा. प्रणाली कुणाचीही असो, नोंद रुग्णाची आणि संस्थेची आहे. ती पूर्ण, वाचता येईल अशा रूपात, दर महिन्याला स्वतःच्या कपाटात उतरवून घेता आली पाहिजे. आणि ती खरोखर उघडते का, हे कुणीतरी उघडून पाहिले पाहिजे.

याच्या उलट उदाहरण सेवाग्रामचे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. खेड्यात, खादी घालणाऱ्या मुलांसाठी, प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायच्या शिस्तीसह. त्याच कस्तुरबा रुग्णालयात सी-डॅकच्या साहाय्याने माहितीप्रणाली आली आणि रुजली. ती का रुजली, यावर माझे मत पक्के आहे. डॉ. एस. पी. कलंत्री यांच्यासारख्या खाटेशेजारी उभे राहणाऱ्या वैद्यांनी तिच्यात स्वतः लक्ष घातले. संगणक विभागाने डॉक्टरांवर लादलेली ती वस्तू नव्हती. ज्याला रात्री दोन वाजता क्रिॲटिनिन पाहिजे असते, त्याने ठरवले की पडद्यावर ते कुठे दिसावे.

आणि पैसा कमी म्हणून हात बांधलेले असतात असेही नाही. केनियात एल्डोरेटला मोई विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने एचआयव्हीच्या रुग्णांच्या नोंदी ठेवायला इंडियाना विद्यापीठाच्या लोकांबरोबर काम केले. २००४ च्या सुमारास त्यातून ओपनएमआरएस ही मुक्त प्रणाली वाढली. तिच्याच पायावर छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या गनियारीला, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी 'बाह्मनी' तयार झाली. गनियारी हे आदिवासी पट्ट्यातले खेडे. आज बाह्मनी अनेक देशांत चालते. तिचा सांगाडा खुला आहे. शिकलेला मुलगा तो वाचू शकतो, बदलू शकतो. अट एकच, की तो शिकलेला मुलगा संस्थेत असला पाहिजे. फुकटची प्रणाली म्हणजे बिनखर्चाची प्रणाली नव्हे. वाचलेला पैसा माणसात घालावा लागतो.

वढूचाही उल्लेख करायला हवा. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने १९७२ मध्ये काम सुरू केले. २००२ पासून तिथे २२ गावांतल्या घराघरांची जन्म, मृत्यू, स्थलांतराची नोंद नियमित ठेवली जाते. आधी कागदावर, नंतर हातातल्या यंत्रांवर. कागद जाऊन पडदा आला तरी काम मोडले नाही, कारण उंबरठ्यावर जाऊन विचारणारी माणसे त्याच भागातली होती आणि प्रश्नांचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

२६ जून, गुरुवार

दिवसभर पाऊस. काही लिहिले नाही. फक्त एवढे, की सकाळी त्या विद्यार्थ्याने विचारले, "टेलिमेडिसिनचा कक्ष किती चौरस फुटांचा दाखवू?" ई-संजीवनी ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा २०१९ मध्ये सुरू झाली, आणि करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० पासून, रुग्ण घरबसल्या फोनवरून डॉक्टरला भेटू लागले. तिला कक्ष लागत नाही. पलीकडे ठरलेल्या वेळी बसणारा डॉक्टर लागतो, आणि अलीकडे रुग्णाचा हात धरून बसलेली सिस्टर. त्याला लिहिले, चौरस फूट सोड, वेळापत्रक दाखव.

२८ जून, शनिवार

गावातल्या आरोग्य केंद्रात शेजारच्या सुनेच्या बाळाला लस होती, म्हणून सोबत गेले. सिस्टरांनी आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर दाखवला. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी आतले तापमान २ ते ८ अंशांत राहते. म्हणून तर तो खेड्यात चालतो. तापमानाची वही रोज दोनदा भरलेली.

मला नेहमी वाटते, लशी थंड ठेवणारी ही शीतसाखळी हे आपल्या आरोग्यव्यवस्थेतले सर्वांत यशस्वी तंत्रज्ञान आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालये तिच्याकडून काही शिकत नाहीत. तिथे यंत्र निवडताना आधी खेड्यातली वीज विचारात घेतली गेली. दुरुस्तीसाठी माणसे तयार केली गेली. शीतसाखळीच्या तंत्रज्ञांना शिकवणारे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच आहे. वापरणाऱ्या सिस्टरला यंत्राचे तापमान वाचता येते, साचलेला बर्फ कधी वितळवायचा ते कळते, आणि बिघाड कुणाला कळवायचा ते नाव भिंतीवर असते. तृतीयक रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात मी विचारले आहे, हा व्हेंटिलेटर बिघडला तर कुणाला सांगता? उत्तर असायचे, "कंपनीला." कंपनीत कुणाला, ते कुणालाच माहीत नसायचे.

२०२२ पासून एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासूनच मुलांना खेड्यातली काही कुटुंबे दत्तक दिली जातात. ती गावात जातातच. त्यांनी आरोग्य केंद्रातल्या या फ्रिजजवळ तासभर उभे राहावे, वही वाचावी, सिस्टरांना प्रश्न विचारावेत. याला एक रुपयाही लागत नाही.

१ जुलै, मंगळवार

डॉक्टर दिन. शुभेच्छांनी फोन भरला. मी मात्र जुने आकडे शोधत बसले आणि सापडले. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्याराज्यांतली वैद्यकीय उपकरणे मोजून घेतली होती: २९,११५ आरोग्यसंस्था, ७,५६,७५० उपकरणे, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. त्यांतली १३ ते ३४ टक्के, राज्यानुसार, बंद. ज्या राज्यात एक तृतीयांश उपकरणे बंद आहेत, तिथे नवी मागण्याआधी जुनी उघडून पाहिली तर न विकत घेता किती मिळतील! त्यानंतर २०१५ मध्ये देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयात ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ उपकरण चालू असलेच पाहिजे, असे त्यात बांधून घेतले. मोजमाप म्हणून हे उत्तम आहे. नव्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांच्या मासिक बैठकीत खरेदीच्या आकड्याआधी हा टक्का वाचला जावा.

याचा अर्थ केवळ पैशाचा नाही. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची टाकी गळली, दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. तो दिवस आठवला की अजून हात थांबतो. त्यानंतर देशभर हवेतून प्राणवायू वेगळा करणारे पीएसए प्रकल्प उभे राहिले. त्यांचे काळीज म्हणजे झिओलाइटचे दाणे. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात, साधारण ९३ टक्के शुद्धतेचा प्राणवायू पुढे जातो. पण त्या दाण्यांना ओलावा चालत नाही. ड्रायर नीट नसेल, फिल्टर वेळेवर बदलला नाही, प्रकल्प महिनोन्‌महिने बंद ठेवला, तर कोकणात किंवा मावळात दोन पावसाळ्यांत ते निकामी होतात. आठवड्यातून काही तास प्रकल्प चालवत राहणे आणि बाहेर पडणाऱ्या वायूची शुद्धता मोजणे हे एका माणसाचे काम आहे. त्या माणसाला डॉक्टरांनी नावाने ओळखावे.

४ जुलै, शुक्रवार

तो विद्यार्थी आज स्वतः आला. पुण्याला काम होते, मळवलीला लोकलने उतरून चालत आला, भिजलेला. चहा झाला आणि आम्ही यादी घेऊन बसलो.

थ्रीडी टेबल पुढच्या वर्षी गेले. त्याला वाईट वाटले. मी म्हटले, आहे त्या शवांची आणि हाडांची नीट व्यवस्था झाली, शिकवणारे शिक्षक पुरेसे आले, की टेबल कामाला येईल. त्यांच्या बदल्यात नको. सिम्युलेटरमध्ये मी हट्टाने दोन ठेवायला लावले: प्रसूतीचा, आणि जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पिशवी-मास्कने श्वास देण्याचा. त्याच्या जिल्ह्यातला इंटर्न या दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात करणार आहे, तेही कदाचित एकटा. काचपट्ट्यांचा स्कॅनर ठेवला, पण मायक्रोस्कोपांचे कपाट आणि सांभाळणारा माणूस त्याच्या आधीच्या ओळीत.

मग तो मुख्य अडचणीवर आला. "मॅडम, बायोमेडिकल इंजिनिअरचं पद मंजूर नाही. कंत्राटी मिळेल, अकरा महिन्यांचा. आयटीआयची दोन मुलं घेता येतील, पण त्यांना शिकवणार कोण?"

"ज्याच्याकडून यंत्र घेतोयस, त्याने," मी म्हटले. "निविदेत लिही. यंत्र बसवताना संस्थेच्या दोन माणसांना हाताने दुरुस्ती शिकवायची, वर्षभरात पुन्हा एकदा. दुरुस्तीची पुस्तिका छापील द्यायची. झिजणाऱ्या भागांची यादी आणि पाच वर्षांचे दर आज लिहून द्यायचे. सगळे पासवर्ड अधिष्ठात्यांच्या कपाटात बंद लिफाफ्यात. हे झाल्याशिवाय शेवटचा दहा टक्के हप्ता द्यायचा नाही."

"पुरवठादार मान्य करतील?"

"एकटं महाविद्यालय म्हणालं तर कदाचित नाही. दहाही म्हणाली तर करतील. बाकीच्या नऊ ठिकाणी तुझे कोण आहेत?"

त्याने मोजायला सुरुवात केली. चार ठिकाणी त्याचे वर्गमित्र निघाले, दोन ठिकाणी माझे विद्यार्थी. जेवायच्या आधी आम्ही तिघांना फोन लावले. एकीने लगेच सांगितले की तिच्याकडे अशाच अटींचा एक जुना मसुदा आहे. दुसरा म्हणाला, अधिष्ठात्यांशी बोलून सोमवारी सांगतो. रात्री मी अटींची पहिली प्रत मराठीत लिहून काढली. निविदेची भाषा तो करणार आहे. दुरुस्ती शिकलेल्या मुलांना अकरा महिन्यांनी कसे थांबवून ठेवायचे, ते कलम अजून कोरे आहे. त्याबद्दल उद्या तालुक्याच्या आयटीआयमधल्या सरांना भेटायचे ठरले आहे.